गायक नसलेला अल्बम

प्रश्न : नातवाने ‘द मीटर्स’ या अमेरिकी फंक बँडचा पहिला अल्बम ऐकवला. कोणी गात नाही, कोणी पुढे येऊन फारसं एकट्यानेही वाजवत नाही. छोटे तुकडे फिरत राहतात. तरी माझा पाय थांबेना. वीस वर्षं तबला वाजवतो, पण यात मुख्य वाद्य कोणतं तेच कळलं नाही. असं का?
— एक हौशी तबलावादक, सांगली

उत्तर : तुमचा हात तबल्यावर बसलेला आहे, म्हणून लेहऱ्यापासूनच सुरुवात करू. एकल तबलावादनात हार्मोनियमवर एकच चाल फिरत राहते. तिच्याकडे कोणी मुद्दाम कान देत नाही, पण ती डळमळली तर समेवर यायचं कशाच्या भरवशावर? 1969 साली निघालेल्या या अल्बममध्ये बँडमधल्या चौघांनी मिळून लेहरा धरला आहे आणि लयीशी खेळतायतही चौघेच. म्हणून तुम्हाला मुख्य वाद्य सापडलं नाही.

आर्ट नेव्हिल ऑर्गनवर, लिओ नोसेंटेली गिटारवर, जॉर्ज पोर्टर ज्युनियर बास गिटारवर आणि ‘झिगाबू’ मॉडेलिस्ट ड्रम्सवर. चौघेही न्यू ऑर्लीन्सचे. ॲलन तुसाँ आणि मार्शल सीहॉर्न या निर्मात्यांकडे ते इतर गायकांच्या मागे वाजवत. म्हणजे साथीदारच. साथ करणाऱ्याला जागा सोडायची सवय असते. इथे समोर गायक नव्हता, पण ती सवय हातात राहिली, आणि सगळी गंमत तिथेच आहे असं मला वाटतं. पहिलाच तुकडा, ‘सिसी स्ट्रट’, ऐका. सुरुवातीला एक आरोळी उठते, मग गिटार आणि बास एकच वाक्य बोलतात आणि थांबतात. त्या थांबण्यात ड्रम्स बोलतात. खालीची मात्रा न वाजवताही तुम्हाला ‘ऐकू’ येते ना, तसंच हे.

आता झिगाबूच्या हातापायांकडे या. सरळ ठेका देण्याऐवजी तो ठोके हाय-हॅटच्या झांजा, स्नेअर ड्रम आणि पायाखालचा बास ड्रम यांत वाटून टाकतो. वजन अपेक्षेच्या जरा आधी किंवा जरा नंतर पडतं. ही चाल त्याच्या गावच्या रस्त्यावरची. न्यू ऑर्लीन्समध्ये अंत्ययात्रेत ब्रास बँड असतो. दफनभूमीकडे जाताना संथ भजनं, परतताना नाचतं संगीत. बँड आणि घरच्या मंडळींच्या मागे रुमाल, छत्र्या नाचवत चालणाऱ्या लोकांना तिथे ‘सेकंड लाइन’ म्हणतात. ती लय पायी चालणाऱ्यांसाठीच घडलेली आहे, तेव्हा तुमचा पाय हलला यात नवल नाही.

त्या काळी फंक म्हटलं की अमेरिकी गायक जेम्स ब्राउन डोळ्यांपुढे यायचा : मोठा ताफा, ब्रास वाद्यं, आणि मात्रागटाच्या पहिल्या ठोक्यावर सगळ्यांचा भर. आपली समच जवळजवळ. या चौघांनी ब्रास काढून टाकलं, गळाही काढून टाकला. आर्ट नेव्हिल स्वतः मुरलेला गायक होता, हे लक्षात घेतलं तर या संयमाची किंमत कळते. तरीही ‘सिसी स्ट्रट’ अमेरिकेच्या आर अँड बी यादीत चौथ्या क्रमांकावर पोचलं. पुढे हिपहॉपवाल्यांनी मीटर्सच्या वादनातले तुकडे उचलून त्यांवर आपली गाणी उभी केली. शब्दांसाठी जागा रिकामीच होती.

आता एक करून पाहा. अल्बमच्या शेवटी ‘सिंग अ सिंपल साँग’ आहे. ते मूळचं स्लाय अँड द फॅमिली स्टोन यांचं, 1968 सालचं, पुष्कळ गळ्यांचं आणि ब्रासचं गाणं. आधी ते ऐका, मग लगेच मीटर्सचं. दुसऱ्या वेळी ऐकताना फक्त बास धरा आणि हाताने मात्रा मोजा. पोर्टर कुठे वाजवत नाही, ते मात्र जरूर टिपून ठेवा.