सेल्स इंजिनिअर की कन्सल्टंट? सुरुवात कुठून करायची?

मागच्या व्हिडिओत हा विषय घाईत झाला, म्हणून इथं नीट लिहितोय.

परवा डिप्लोमा झालेला एक पोरगा दुकानात आला. म्हणाला, "सर, पंपाच्या कंपनीत सेल्स इंजिनिअरची नोकरी मिळतेय. पण दारोदार फिरायचं मला नको वाटतंय. औशातच कन्सल्टिंग सुरू करू का?"

आधी फरक समजून घ्या. सेल्स इंजिनिअर गिऱ्हाइकाची गरज मोजतो आणि कंपनीचा योग्य माल सुचवतो. त्याला पैसे कंपनी देते. कन्सल्टंट नुसता सल्ला विकतो, पैसे गिऱ्हाईक देतं. म्हणजे पहिल्याला टार्गेट असतं, दुसऱ्याला नाव कमवावं लागतं. आणि बावीसाव्या वर्षी नाव कुठून आणणार?

लोखंडी नांगराची गोष्ट

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला. माल चांगला होता, पण लोखंडानं जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर. गिऱ्हाईक 'नको' का म्हणतं, हे ऑफिसात बसून कळत नाही. विकायला गेलं की कळतं.

माझी चूक

दुकानाच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्यानं साडेसात एचपीची मोटर मागितली. मी दिली, मार्जिन जास्त होतं ना! बोअरला पाणी जेमतेम दीड इंच. मोटर पाणी उपसून रिकामी चालायची. एका उन्हाळ्यात जळाली. ते काका भांडले नाहीत, पण परत दुकानात आले नाहीत. तेव्हापासून पहिला प्रश्न एचपीचा नाही, पाण्याचा: बोअर किती फूट, पाणी किती फुटांवर, किती इंच, पाइप किती लांब?

हे चार प्रश्न विचारणारा सेल्समन अर्धा कन्सल्टंट झालेलाच असतो.

मग निवड कशी करायची?

१. अनुभव शून्य असेल तर दोन-तीन वर्षं विक्री करा. पगारही मिळतो, ओळखीही होतात.
२. रोज वहीत लिहा: कोणी घेतलं, कोणी नाही, का नाही. हीच वही पुढं तुमचं भांडवल.
३. लोक माल न घेताही सल्ल्यासाठी फोन करू लागले की फी लावायची वेळ आली समजा.
४. सल्ल्याची फी आणि कंपनीचं कमिशन दोन्ही गुपचूप घेऊ नका. कमिशन असेल तर तोंडावर सांगा. औशासारख्या गावात गोष्ट लपत नाही.
५. हिशेब बघा. आपल्या राज्यात साधारणपणे नुसत्या मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांच्या पुढं जीएसटी नोंदणी लागते, सेवेला २० लाखांच्या पुढं. नेमकं तुमच्या सीएला विचारा.

घरचाच धंदा असेल, लहानपणापासून गल्ल्यावर बसला असाल, तर विक्रीची शाळा झालेलीच आहे. तुम्ही थेट सल्ल्याकडं वळू शकता.

त्या पोराला मी म्हणालो, "नोकरी घे. पण टार्गेटसाठी चुकीची मोटर गळ्यात मारू नकोस. पुढं त्याच शेतकऱ्याकडं तुला सल्ला घेऊन जायचंय."

गृहपाठ: या आठवड्यात पाच गिऱ्हाइकांना भेटा. काही विकू नका, फक्त अडचण विचारा आणि लिहून काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत!