लॅपटॉप चार्ज होत नसल्यास दोषाचा शोध

शाळेतील लॅपटॉप चार्ज होईनासा झाला, की बॅटरी निकामी झाली असे समजून शिक्षक सोलापुरात नवी पेठेत जातो, नवी बॅटरी आणतो आणि पाहतो तो दोष कायमच! म्हणून खर्चापूर्वी दोषाचा शोध भिंतीकडून यंत्राकडे, या क्रमाने घ्यावा.

प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून वीज येते का, हे पाहावे. नंतर चार्जरची सर्व टोके घट्ट बसवावीत. वायर हलविताच चार्जिंगचा दिवा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा वायरीत किंवा तिच्या जोडणीत असतो.

तिसरे, चार्जरवरील आकडे वाचावेत. १९ व्होल्ट गुणिले ३.४२ अँपिअर म्हणजे सुमारे ६५ वॅट. हे उदाहरण वर्गातही घालता येईल. ६५ वॅटच्या लॅपटॉपास ४५ वॅटचा चार्जर जोडल्यास बॅटरी सावकाश भरते, किंवा काम चालू असता मुळीच भरत नाही.

चौथे, उष्णता. लिथियम-आयन बॅटरी सुमारे ४५ अंश सेल्सिअसहून अधिक तापली, की यंत्र स्वतःच चार्जिंग थांबविते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत हे सहज घडते. यंत्र सावलीत निवू द्यावे. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबणे हा पुष्कळदा बॅटरी-रक्षणाच्या सोयीचा परिणाम असतो, दोष नव्हे.

बॅटरी फुगलेली दिसल्यास मात्र यंत्र तत्काळ बंद करून चार्जर काढावा व ते मुलांपासून दूर ठेवावे. बॅटरी दाबू अगर टोचू नये. आग लागण्याचा धोका असतो.

दुरुस्तीस जाताना लॅपटॉप, चार्जर व केलेल्या तपासणीची लेखी नोंद ही तिन्ही सोबत न्यावीत.