ज्यातरंग : एका संकलित मंडलाच्या निमित्ताने परिभाषाविचार

इलेक्ट्रॉनीय उपकरणांच्या परीक्षणासाठी ठराविक आकाराचे विद्युत् तरंग लागतात. ते निर्माण करणाऱ्या संकलित मंडलांपैकी, म्हणजे व्यवहारातील आय.सी.पैकी, इंटरसिल कंपनीचे 8038 हे एके काळी प्रयोगशाळांतून परिचित होते. त्याचे उत्पादन आता थांबले आहे. तथापि त्याच्या कार्याचे वर्णन मराठीत करू लागताच परिभाषेचा एक प्रश्न उद्भवतो. त्याचे विवेचन येथे योजिले आहे.

मंडलास बाहेरून जोडलेले धारित्र स्थिर प्रवाहाने भारित होत जाते. त्यावरील दाब पुरवठ्याच्या दोन तृतीयांशास पोहोचताच आतील द्विस्थितिक मंडल उलटते आणि धारित्र रिकामे होऊ लागते. दाब एक तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरण सुरू होते. दोन्ही क्रियांची गती सारखी राखल्यास धारित्रावर त्रिकोणी तरंग मिळतो. द्विस्थितिक मंडलाच्या उलटसुलट होण्यातून चौकोनी तरंग मिळतो. तिसरा तरंग मात्र त्रिकोणी तरंगापासूनच घडविला जातो. तो ट्रान्झिस्टर व रोध यांच्या जाळ्यातून जातो. दाब शिखराकडे सरकू लागला की एकेक ट्रान्झिस्टर वाहू लागतो, चढ टप्प्याटप्प्याने मंदावतो आणि टोकदार शिखर गोलावते. इंग्रजीत ज्यास ‘साइन’ म्हणतात तो हा तरंग, वस्तुतः लहान लहान रेषाखंडांनी साधलेला वक्राचा आभास होय.

या तरंगास मराठीत काय म्हणावे? ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. ‘आर्यभटीया’त (इ. स. 499) अर्धज्यांची 24 अंतरे दिली आहेत, दोन नोंदींमधील मूल्य गणिती त्रैराशिकाने काढीत, म्हणजे त्यांनीही वक्र रेषाखंडांनीच गाठला. तिचाच पर्याय ‘जीवा’ अरबीत ‘जीब’ झाला. स्वरचिन्हांविना लिहिलेला हा शब्द पुढे ‘जैब’, म्हणजे वस्त्राचा गळा, असा वाचला गेला आणि 12 व्या शतकातील लॅटिन अनुवादांत त्याचे ‘सायनस’ झाले. ‘साइन’चा उगम असा अपवाचनात आहे.

तेव्हा ‘ज्या’ हीच संज्ञा स्वीकारावी असे वाटते. परंतु अडचण मराठीच्या व्याकरणात आहे. ‘ज्या तरंगाची कंप्रता वाढते’ या वाक्यात ‘ज्या’ हे गणिती नाम की ‘जो’ या सर्वनामाचे रूप? वाचक दुसरा अर्थ घेतो आणि पुढील ‘त्या’ची वाट पाहत थांबतो. हिंदीत या जागी ‘जिस’ येत असल्याने तेथे हा घोटाळा संभवत नाही. सर्व भारतीय भाषांसाठी घडविलेली संस्कृतोद्भव संज्ञा प्रत्येक भाषेत सारखीच निर्दोष ठरते, या समजुतीस येथे बाध येतो.

‘ज्यातरंग’ असा सलग समास लिहिल्यास छापील मजकुरातील संदिग्धता उरत नाही. वर्गात मात्र ही जोड कानास कळत नाही. तेथे अध्यापकाने ‘ज्यावक्री तरंग’ असा उच्चार करावा, म्हणजे विद्यार्थ्याचे लक्ष सर्वनामाकडे न जाता तरंगाच्या आकाराकडे जाईल.