पेशींचे घड्याळ आणि वार्धक्य

वयोमानाने शरीर थकते, हे सर्वांस ठाऊक आहे. ते नेमके कोठे थकते, याचा शोध आता पेशीपर्यंत येऊन पोहोचला आहे. पेशीतील तंतुकणिका अन्नापासून ऊर्जा निर्माण करतात; परंतु हे काम अहोरात्र एकाच गतीने चालत नाही. त्याला सुमारे २४ तासांची लय असते आणि ती राखणारे घड्याळ पेशीच्या जनुकांतच असते. फळमाशीवरील संशोधनातून या घड्याळाची यंत्रणा उलगडणारे अमेरिकी शास्त्रज्ञ हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ बिघडल्यास काय होते? बीमॅल-१ हे त्यातील एक प्रमुख जनुक. ते नसलेले उंदीर अकाली वृद्ध होतात, त्यांचे स्नायू झिजतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो, असे २००६ साली आढळले. ऊर्जेच्या देवघेवीत आवश्यक असलेल्या एनएडी या द्रव्याची पेशीतील रोजची भरती-ओहोटीही याच घड्याळाच्या तंत्राने चालते, हे २००९ साली स्पष्ट झाले.

टेक्सासमधील डॅलस येथे जोसेफ ताकाहाशी यांच्या चमूने केलेला, २०२२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मात्र विशेष बोलका आहे. उंदरांना नेहमीपेक्षा ३० टक्के कमी उष्मांकांचा आहार देण्यात आला. तो दिवसरात्र थोडा थोडा विभागून दिला, तेव्हा पोटभर खाणाऱ्या उंदरांच्या तुलनेत त्यांचे आयुष्य सुमारे १० टक्क्यांनी वाढले. तेवढाच आहार केवळ रात्री दिला, तेव्हा ही वाढ ३५ टक्क्यांपर्यंत गेली. उंदीर निशाचर, रात्र हीच त्याच्या उद्योगाची वेळ. कमी आहार घेणाऱ्या सर्व गटांतील उंदरांची वजने जवळपास सारखीच होती. म्हणजे फरक पडला तो वेळेमुळे.

उंदरांची ही टक्केवारी माणसाला जशीच्या तशी लावण्याचा उतावळेपणा कोणी करू नये. तथापि, जैविक लय बिघडविणाऱ्या रात्रपाळीच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरविले व २०१९ मध्ये तोच निर्णय कायम ठेवला. रुग्णालयातील परिचारिका आणि एसटीचे चालक यांच्याप्रमाणेच रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारा शेतकरीही अवेळी जागतो, अवेळी जेवतो. त्याची गणना मात्र रात्रपाळीत सहसा होत नाही. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिचा विचार सोयीचा व सुरक्षिततेचा होता. पेशींच्या घड्याळाचा हिशेब तिच्यात कोणी धरला नव्हता.