मानवतावादी मदत, परकीय अनुदान आणि दुहेरी उत्तरदायित्व

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात उसळलेल्या त्सुनामीनंतर जगभरातून मदतीचा अभूतपूर्व ओघ सुरू झाला. अशा वेळी कोणतीही संस्था अधिक देणग्यांचे आवाहन करील, अशीच सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेने जानेवारी २००५ च्या पहिल्याच आठवड्यात नेमके उलट आवाहन केले. त्सुनामीग्रस्तांसाठी संस्थेने आखलेल्या कामाला पुरेल इतका निधी जमा झाला आहे, त्यामुळे यापुढे केवळ त्सुनामीच्या नावाने देणगी पाठवू नये, असे तिने जाहीर केले. ज्यांनी आधीच देणगी दिली होती त्यांच्याकडे संस्थेने ती अन्य आपत्तींसाठी वापरण्याची परवानगी मागितली व बहुसंख्य दात्यांनी ती दिली.

पैसा संस्थेच्या खात्यात होता आणि जगात अन्यत्र गरजही होती. तरीही दात्याच्या संमतीखेरीज तो पैसा दुसरीकडे वापरणे संस्थेने योग्य मानले नाही. अनुदान व्यवस्थापन या विषयाचा पाया याच तत्त्वात आहे. मानवतावादी संस्था ही निधीची मालक नसून विश्वस्त असते.

निधीचे दोन प्रकार

मानवतावादी संस्थांकडे येणारा निधी ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. अनिर्बंध निधी संस्थेच्या उद्दिष्टांच्या चौकटीत कोठेही वापरता येतो. सामान्य नागरिकांच्या छोट्या देणग्या बहुधा या प्रकारात मोडतात. निर्बंधित निधी विशिष्ट प्रदेश, विशिष्ट काम व विशिष्ट मुदत यांना बांधलेला असतो. सरकारे, युरोपीय आयोग, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था व मोठी प्रतिष्ठाने यांची अनुदाने प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारची असतात. मोठ्या संस्थेकडे एकाच वेळी अशी अनेक अनुदाने चालू असतात व प्रत्येकाचा करार, अंदाजपत्रक, अहवालाचा नमुना व लेखापरीक्षणाचे नियम निरनिराळे असतात.

अनुदानाचा प्रवास सर्वसाधारणपणे ठरावीक टप्प्यांतून होतो. प्रथम प्रस्ताव व अंदाजपत्रक सादर होते. त्यानंतर दाता संस्थेची पार्श्वभूमी व आर्थिक क्षमता यांची छाननी करून करार करतो. अंमलबजावणीच्या काळात दरमहा प्रत्यक्ष खर्चाची अंदाजपत्रकाशी तुलना केली जाते. खर्च फार मागे पडल्यास काम रखडले असे समजले जाते. फार पुढे गेल्यास निधी मुदतीआधीच संपतो. परिस्थिती बदलल्यास कराराच्या दुरुस्तीसाठी वा वाढीव निधीविना मुदतवाढीसाठी वेळीच अर्ज करावा लागतो. शेवटी अंतिम अहवाल, लेखापरीक्षण, उरलेल्या साहित्याची विल्हेवाट व अखर्चित रकमेची परतफेड होऊन अनुदान बंद केले जाते. तरीही कागदपत्रांची जबाबदारी संपत नाही. अमेरिकी संघराज्याच्या नियमानुसार अंतिम आर्थिक अहवालानंतर सामान्यतः तीन वर्षे, तर युरोपीय संघाच्या अनुदानांत अखेरच्या रकमेच्या अदायगीनंतर सामान्यतः पाच वर्षे कागदपत्रे जपून ठेवावी लागतात.

पात्र खर्चाच्या कसोट्या

खर्च प्रामाणिकपणे झाला एवढ्यावरून तो दात्याला मान्य होत नाही. तो कामासाठी आवश्यक असावा, त्याची रक्कम वाजवी असावी, तो त्याच अनुदानावर टाकण्याजोगा असावा, कराराच्या मुदतीत झालेला असावा आणि त्यास पुरेसा कागदोपत्री आधार असावा, अशा कसोट्या बहुतेक दाते लावतात. यांपैकी एकीवरही खर्च उतरला नाही, तर लेखापरीक्षक तो अमान्य ठरवू शकतो आणि ती रक्कम संस्थेला आपल्या अनिर्बंध निधीतून भरावी लागते.

समजा, पूरग्रस्त जिल्ह्यात एका संस्थेची एकच जीप तीन अनुदानांच्या कामांसाठी फिरते. इंधनाचा संपूर्ण खर्च एकाच अनुदानावर टाकला तर अन्य दोन कामांचा भार एका दात्यावर पडतो. तोच खर्च दोन दात्यांना दाखवला तर ती दुबार वसुली होते. म्हणून चालकाची प्रवासनोंदवही, कर्मचाऱ्यांचे वेळपत्रक व खर्चविभागणीचे लेखी सूत्र यांना महत्त्व येते. दात्याचा पैसा डॉलर वा युरोत व खर्च रुपयांत, अशी स्थिती असल्यास विनिमय दरातील चढउताराने अंदाजपत्रकच डळमळते. शिवाय भारताचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये, अमेरिकी संघराज्याचे ऑक्टोबरमध्ये व अनेक दात्यांचे जानेवारीत सुरू होते. त्यामुळे एकच बिल निरनिराळ्या कालखंडांच्या अहवालांत निरनिराळ्या प्रकारे मांडावे लागते.

अप्रत्यक्ष खर्च कोणी सोसावा?

वरील सर्व नोंदी ठेवण्यासाठी लेखापाल, संगणकप्रणाली, कार्यालय व अंतर्गत तपासणीची व्यवस्था लागते. हा खर्च कोणत्याही एका प्रकल्पाचा नसतो. म्हणून त्यास अप्रत्यक्ष खर्च म्हणतात. देणगीतील प्रत्येक रुपया थेट गरजूपर्यंत पोहोचावा, ही दात्यांची भावना समजण्यासारखी आहे. मात्र याच भावनेमुळे या खर्चावर मर्यादा येतात. युरोपीय आयोगाच्या मानवतावादी अनुदानांत अप्रत्यक्ष खर्च पात्र प्रत्यक्ष खर्चाच्या कमाल ७ टक्के मान्य होतो. अमेरिकी संघराज्याच्या अनुदानांत, ज्या संस्थेचा स्वतंत्र दर ठरलेला नाही तिला पूर्वी १० टक्क्यांचा किमान दर मिळत असे; १ ऑक्टोबर २०२४ पासून तो १५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आला. हा दर संपूर्ण खर्चावर मिळत नाही. मोठी यंत्रसामग्री वगळली जाते आणि भागीदार संस्थेला दिलेल्या प्रत्येक उपअनुदानातील ठरावीक रकमेपर्यंतचाच भाग धरला जातो. ही रक्कम पूर्वी २५,००० डॉलर होती, आता ती ५०,००० डॉलर आहे.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका प्रकल्पाचा प्रत्यक्ष खर्च १० लाख डॉलर आहे. त्यात १ लाखाची मोठी यंत्रसामग्री व एका भागीदाराला दिलेले २.५ लाखांचे उपअनुदान समाविष्ट आहे. नव्या नियमानुसार १० लाखांतून यंत्रसामग्रीचे १ लाख व उपअनुदानातील ५०,००० वरील २ लाख वजा होतात. उरलेल्या ७ लाखांवर १५ टक्के म्हणजे १,०५,००० डॉलर मिळतात. जुन्या नियमानुसार पाया ६.७५ लाखांचा व मिळकत केवळ ६७,५०० डॉलर झाली असती. तेवढाच प्रकल्प युरोपीय अनुदानातून, युरोमध्ये असता तर कमाल ७०,००० युरो मिळाले असते. संस्थेचा खरा अप्रत्यक्ष खर्च १,२०,००० असेल, तर तूट अनुक्रमे १५,०००, ५२,५०० व ५०,००० इतकी येते.

ही तूट भरून काढण्यासाठी संस्था लेखापालांची पदे रिकामी ठेवतात, प्रशिक्षण टाळतात, जुनी यंत्रणा रेटत राहतात. त्यातून नोंदी कच्च्या राहतात, खर्च अमान्य होतात आणि दात्याचा विश्वास आणखी कमी होतो. या दुष्टचक्राला २००९ मध्ये ॲन गॉगिन्स ग्रेगरी व डॉन हॉवर्ड या अभ्यासकांनी ‘उपासमारीचे चक्र’ असे नाव दिले. हिशेबाची सक्ती करायची आणि हिशेबाचा खर्च नाकारायचा, या विसंगतीतून हे चक्र जन्मते.

भारतीय कायद्याची चौकट

भारतात परकीय देणग्यांचे नियमन केंद्रीय गृह मंत्रालय करते. या विषयावरील पहिला कायदा १९७६ चा होय. त्याची जागा घेणारा परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० हा १ मे २०११ पासून अमलात आला. नोंदणी पाच वर्षांसाठी असते व नंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. लेखापरीक्षित हिशेबासह वार्षिक विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, सादर करावे लागते.

२०२० च्या सुधारणेने तीन महत्त्वाचे बदल केले. परकीय योगदान प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारण्याचे बंधन आले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. मिळालेले योगदान दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीकडे वा संस्थेकडे हस्तांतरित करण्यास मनाई झाली. या सुधारणांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने नोएल हार्पर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ८ एप्रिल २०२२ रोजी मुख्यतः फेटाळले.

येथे अभ्यासकाने दोन संज्ञांतील फरक ध्यानात घ्यावा. दात्याचा ‘अप्रत्यक्ष खर्च’ व भारतीय कायद्यातील ‘प्रशासकीय खर्च’ एकच नव्हेत. प्रकल्पाच्या जीपचे इंधन दात्याच्या दृष्टीने प्रत्यक्ष खर्च असू शकते; परंतु भारतीय नियमांत वाहन चालविण्याचा व देखभालीचा खर्च, तसेच हिशेब ठेवण्याचा व अहवाल लिहिण्याचा खर्च प्रशासकीय सदरात मोडतो. उलट रुग्णालयातील डॉक्टरांचे वा शाळेतील शिक्षकांचे वेतन त्यात धरले जात नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खालील सामाजिक दायित्वाच्या निधीतील ५ टक्क्यांची मर्यादा ही तिसरी बाब होय. ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला लागू आहे, निधी घेणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नव्हे. या तिन्ही मर्यादांची गल्लत परीक्षार्थींकडून वारंवार होते.

उपअनुदान आणि स्थानिक संस्था

हस्तांतरणाच्या मनाईमागील शासनाची भूमिका अशी की, पैसा अनेक हातांतून गेल्यास त्याचा माग काढणे कठीण होते व प्रत्येक टप्प्यावर प्रशासकीय खर्च कापला जातो. ज्याने पैसा घेतला त्यानेच तो वापरावा व त्याचा हिशेब द्यावा. या भूमिकेत तथ्य आहे. दुसरी बाजू अशी की, दुर्गम भागातील छोट्या संस्थेजवळ स्थानिक भाषा, ओळख व विश्वास असतो. मात्र परकीय दात्याशी इंग्रजीतून व्यवहार करण्याची वा स्वतंत्र नोंदणी सांभाळण्याची क्षमता बहुधा नसते. पूर्वी मोठी संस्था हे ओझे उचलून तिला निधी देत असे. आता लहान संस्थेला स्वतः नोंदणी करावी लागते किंवा मोठ्या संस्थेला काम स्वतःच्या कर्मचाऱ्यांमार्फत करावे लागते.

जागतिक पातळीवर मात्र प्रवाह उलट दिशेने आहे. मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत दाते व मदतसंस्था यांच्यात ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा समझोता झाला. २०२० पर्यंत मानवतावादी निधीपैकी किमान २५ टक्के रक्कम शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना मिळावी, असे त्यात ठरले. अहवालांचे नमुने सोपे व एकसारखे करण्याचेही वचन होते. निधीचे एकत्रित उद्दिष्ट त्या मुदतीत गाठले गेले नाही. कठोर नियमपालनाची क्षमता ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच निधी जातो, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय.

हिशेब कोणाला द्यावयाचा?

रेडक्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेल्या आचारसंहितेत दहा तत्त्वे आहेत. त्यांपैकी नवव्या तत्त्वानुसार संस्था ज्यांच्याकडून साधने घेते त्यांना आणि ज्यांना मदत करते त्यांनाही उत्तरदायी असते. व्यवहारात मात्र दात्याकडे निधी थांबविण्याचा अधिकार असतो, आपद्ग्रस्ताकडे असा कोणताच अधिकार नसतो. साहजिकच पहिल्या उत्तरदायित्वाकडे अधिक लक्ष दिले जाते.

त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर याचा प्रत्यय आला. अनेक संस्थांनी एकाच वेळी मच्छीमारांना नव्या नौका दिल्या. नौका मोजता येते, तिचे छायाचित्र अहवालात जोडता येते व ठरलेल्या मुदतीत निधी खर्ची पडतो. काही ठिकाणी गरजेपेक्षा अधिक नौका झाल्या. तर मासळी विकणाऱ्या स्त्रिया, शेतमजूर व दलित कुटुंबे यांच्या उपजीविकेकडे लक्ष जाण्यास विलंब लागला. नौकांची देयके, दरपत्रके व पावत्या बिनचूक असल्या तरी योग्य माणसाला योग्य मदत मिळाली की नाही, याचे उत्तर त्यांत मिळत नाही. नागपट्टिनम येथे जिल्हा प्रशासनाच्या सहकार्याने स्वयंसेवी संस्थांचे समन्वय केंद्र उभे राहिले, ते गरज व मदत यांची सांगड घालण्यासाठीच. पुढे २०१४ मध्ये आलेल्या मानवतावादी मूलभूत मानकांत आपद्ग्रस्तांचा सहभाग व तक्रार करण्याचा मार्ग यांना स्थान मिळाले.

उत्तरदायित्वाची आणखी एक बाजू २०२५ मध्ये समोर आली. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी परकीय विकास साहाय्याला ९० दिवसांची स्थगिती दिली. १० मार्च रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी यूएसएड या साहाय्य संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर केले आणि १ जुलैपासून तिचे परकीय साहाय्याचे काम बंद झाले. नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या संस्थांनाही काम अर्ध्यावर थांबवावे लागले. आधी केलेल्या कामाचे पैसे मिळविण्यासाठी काहींना न्यायालयात जावे लागले. करारातील बंधने प्रामुख्याने घेणाऱ्यावर असतात. देणाऱ्याची बांधिलकी तितकी भक्कम नसते. म्हणूनच एका दात्यावरील अवलंबन मर्यादित ठेवणे व राखीव निधी बाळगणे हाही अनुदान व्यवस्थापनाचा भाग मानला पाहिजे.

समारोप

परकीय अनुदानावर नियंत्रण असावे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. अनुदानाच्या आकारमानानुसार नियमांची कठोरता कमीअधिक असावी, हिशेब ठेवण्याचा वाजवी खर्च अनुदानातच मिळावा, निरनिराळ्या दात्यांचे नमुने शक्यतो एकसारखे असावेत आणि आपद्ग्रस्तांचे मत अहवालात नोंदले जावे, या चार दिशांनी सुधारणा शक्य आहे. ज्याच्या नावाने निधी गोळा झाला, त्या माणसाला गावातल्या फलकावर त्या निधीचा हिशेब आपल्या भाषेत वाचता आला, तर दुहेरी उत्तरदायित्वाचे तत्त्व प्रत्यक्षात आले असे म्हणता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अप्रत्यक्ष खर्च व प्रशासकीय खर्च या संज्ञांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. २०२० च्या सुधारणेतील हस्तांतरणबंदीचे समर्थन व तिच्या मर्यादा यांची चर्चा करा.

३. ‘दात्याला दिलेला बिनचूक हिशेब हा आपद्ग्रस्ताला दिलेला हिशेब असतोच असे नाही.’ त्सुनामीनंतरच्या अनुभवाच्या आधारे या विधानाचे परीक्षण करा.