काम झाल्यावर गाडी बिघडते तेव्हा

गॅरेजमधून गाडी घरी आली आणि आधी नसलेला त्रास सुरू झाला, तर तो त्रास बहुतेक वेळा उघडलेल्या भागातच असतो. साधी गोष्ट आहे, पण जुन्या गाडीच्या बाबतीत ती कोणी ऐकून घेत नाही. गाडी जुनी म्हटली की प्रत्येकाला तिच्या वयाचाच संशय येतो.

आमच्या तात्यांची मारुती ८०० आहे, १९९८ची, कार्बोरेटरवाली. तळेगाव ढमढेरे ते शिक्रापूर आणि फार तर न्हावऱ्यामार्गे केडगाव-चौफुला एवढाच तिचा संसार. ती एकदा पाणी उकळून गरम झाली आणि हेड गॅस्केट गेली. हायवेवरच्या एका गॅरेजात हेड उतरवलं, लेथवाल्याकडून त्याला फेस मारून घेतला, वॉल्व्ह घासले, नवी गॅस्केट बसवली. गाडी आली ती एका सेल्फला सुरू होणारी, स्लोला जरा जोरात चालणारी, पण दम हरवलेली. चार माणसं बसवून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की तिसऱ्या गिअरला रडायची. पेट्रोलचा वास यायचा आणि गरम इंजिनावर सेल्फ अडखळायचा.

मग सल्ले सुरू झाले. एकाने कार्बोरेटरचं किट बदलायला सांगितलं, दुसऱ्याने कॉइल. तिसऱ्याने सायलेन्सरच्या धुराकडे एकदा पाहिलं आणि थेट रिंगा गेल्याचं जाहीर केलं, म्हणजे हाफ इंजिन. पारावर तर दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचाच, असा निकाल केव्हाच लागला होता. आमचा पट्टा उसाचा, त्यामुळे इथेनॉलवर प्रत्येकाचं मत असतंच. पण तात्यांनी पंप बदलला नव्हता, पेट्रोल आदल्या आठवड्यातलंच होतं, आणि तेच पेट्रोल पिऊन गाडी हेड उतरवायच्या आधी नीट ओढत होती. बदललं होतं ते फक्त हेडचं काम.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत तपासणी विभागात काम करतो, त्यामुळे मोजल्याशिवाय भाग बदलायचा नाही ही सवय अंगात मुरली आहे. ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे कॉम्प्रेशन गेज होतं. ते म्हणाले, "स्क्रूला हात लावू नका, आधी दाब बघू."

ही तपासणी घाईत केली तर फसवते. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी, सगळे प्लग काढलेले हवेत, कॉइलची वायर सोडवून अर्थ केलेली हवी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. एकाच सिलिंडरचा दाब पडला असेल तर त्याचा वॉल्व्ह नीट बसत नाही किंवा टॅपेट घट्ट राहिलेत. शेजारशेजारचे दोन पडले तर त्यांच्यामधली गॅस्केट फुंकते आहे. आमच्याकडे तिन्हींचे आकडे जवळजवळ सारखे होते आणि तिन्ही कमी होते. मिस्त्रींनी प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर आकडा वर चढला असता. तो जागचा हलला नाही. टॅपेटचं अंतरही बरोबर निघालं.

इथेच मला कोडं सुटल्यासारखं वाटलं. हेडला फेस मारला की वरची जागा कमी होते, म्हणजे दाब थोडा वाढायला हवा. तो तिन्हींत सारखाच घटला, याचा अर्थ वॉल्व्ह चुकीच्या वेळी मिटत होते. बेल्टचं कव्हर काढलं. क्रँकची खूण जागेवर होती, कॅमची पुली एक दात मागे.

एवढीशी चूक इतके दिवस लपली कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमवरून फिरतो, म्हणून कॅम मागे पडला की ठिणगीही मागे पडते. गॅरेजातल्या मुलाने कानाच्या अंदाजाने डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी पुढे आणली, जरा जास्तच, म्हणून सेल्फ अडखळत होता. इंजिन लंगडतंय म्हणून स्लो वाढवला. तरी जमेना म्हणून मिक्स्चर श्रीमंत केलं, त्याचा तो वास. एका चुकीवर तीन गोधड्या! त्या मुलाचा मला राग नाही. त्याचा हात स्कॅनरवर बसलेला, आणि या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही. मारुती ८०० १९८३ साली आली, २०१४च्या जानेवारीत बंद झाली. कार्बोरेटरवर हात बसलेले मिस्त्री आता निवृत्तीला आलेत.

म्हणून ट्यूनिंग शेवटी. बेल्ट बसवल्यावर पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचा आणि खुणा पुन्हा पाहायच्या, कारण ताण आल्यावर बेल्ट सरकतो. मग टायमिंग लाइटने ठिणगी, त्यानंतर स्लो आणि मिक्स्चर. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा.

तुमची गाडी रस्त्यावर ठीक पळते आणि फक्त शिक्रापूरच्या चौकात उभी राहिली की बंद पडते, असं असेल तर दोष वेगळा. तिथे मॅनिफोल्डची गॅस्केट किंवा एखादी सुटलेली व्हॅक्यूम पाइप हवा ओढते. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं सांध्यांवरून फिरवा, सूं आवाज सापडतो. पंख्यापासून नळी आणि बाह्या दूर ठेवा. पेट्रोल शिंपडून शोधणारे लोक मी पाहिलेत, गरम सायलेन्सरच्या शेजारी तसं कधीही करू नका. इंजिन ते बॉडी जाणारी अर्थची पट्टी परत जोडली आहे ना, हेही बघा.

पीयूसीची चिठ्ठी फेकू नका. भारत स्टेज-२च्या आधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत मुभा आहे, पण पास-नापासाच्या पुढेही ते आकडे बोलतात. मोनॉक्साइड चढला असेल तर मिक्स्चर श्रीमंत. हायड्रोकार्बन चढला आणि मोनॉक्साइड खालीच राहिला, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग किंवा चोरटी हवा. कामाआधी आणि कामानंतर अशा दोन चिठ्ठ्या असतील तर गॅरेजवाल्याशी वाद घालावा लागत नाही.

इथेनॉलकडे त्यानंतर वळावं. वीस टक्के मिश्रणात ऑक्सिजन जास्त असल्याने कार्बोरेटरवर मिक्स्चर थोडं गरीब होतं, आणि एरवी खपून जाणारी हवागळती जाणवू लागते. जुन्या रबरी पाइप आणि पंपाचा पडदाही त्याने लवकर खराब होतो. तात्यांच्या गाडीच्या पेट्रोल पाइप आम्ही नाना पेठेतून आणून बदलल्या, पण बेल्ट जागेवर आल्यानंतर.