एक्स-रे वेधशाळा : आधी प्रश्न, मग यंत्र

चाकणला गाडीचं डिझाइन होतं तेव्हा पहिला प्रश्न असतो, गाडी कशासाठी हवी? मायलेज वाढवायचं तर पिकअप थोडा सोडावा लागतो. अवकाशातल्या वेधशाळेचंही तेच. फक्त ती एकदा वर गेली की गॅरेज नाही!

इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेला ‘ॲस्ट्रोसॅट’ घ्या. कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढतो. तो प्रचंड तापून एक्स-रे फेकतो आणि त्यांची तीव्रता सेकंदाच्या हजाराव्या भागातही बदलते. वातावरण हे किरण शोषतं, म्हणून वर जाणं आलंच. पण ऊर्जा, वेळ आणि चित्र हे सगळं एका यंत्राला जमत नाही.

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडलेली ‘एसएक्सटी’ ही दुर्बीण कमी ऊर्जेसाठी आहे. एक्स-रे आरशावर सरळ आदळले तर आत शिरतात. पाण्यावर चपटा दगड तिरका मारून भाकऱ्या काढतो ना, तसे ते घासून गेले तरच परावर्तित होतात. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले पातळ आरसे एकात एक बसवले. चित्र मिळतं, पण एक फ्रेम वाचायला सुमारे २.४ सेकंद लागतात.

वेगासाठी टीआयएफआरचंच ‘लॅक्सपीसी’ : झेनॉन वायूने भरलेल्या तीन मोठ्या पेट्या. चित्र नाही, पण वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत मोजते. एका पेटीतून वायू गळू लागला आणि २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. बाकीच्या पेट्या होत्या म्हणून निभावलं. एकच मोठी पेटी असती तर?

त्याहून जास्त ऊर्जेला असे आरसे चालत नाहीत. तिथे ‘सीझेडटीआय’ : वर भोकांची टँटलमची जाळी, खाली १६,३८४ पिक्सेल. जाळीच्या सावलीवरून स्रोताची दिशा काढायची. १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर काही किरण एका पिक्सेलवर विखुरून शेजारच्यात शोषले जातात. त्या जोड्यांवरून क्रॅब पल्सारच्या किरणांचं ध्रुवीकरण मोजलं. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या यंत्राचं केंद्र आपल्या पुण्यात, आयुकामध्ये आहे.

थोडक्यात काय, प्रोजेक्टसाठी सेन्सर घ्यायला निघण्याआधी नक्की काय मोजायचंय ते एका वाक्यात लिहा. आणि काय सोडायला तयार आहात, तेही.